दाजींचे बुडबुडे

बेटावरच्या धक्क्यावर त्यांना सगळे दाजी म्हणत. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, म्हणजे डायव्हिंगचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या मेहुण्याचे. पण मेहुण्याचा आवाज मोठा आणि दुकान धक्क्याच्या तोंडाशीच. दिवसभर "दाजी, टाक्या चढवल्या का", "दाजी, डिझेल बघा" असं कानावर पडून पडून बर्फवाला, शाळेच्या बाई, पोस्टमन, एवढंच काय, चार दिवसांसाठी आलेले पाहुणेसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागले. सगळ्या गावाशी आपली सोयरीक जुळल्यासारखं दाजींना आधी अवघडल्यासारखं व्हायचं. मग तेही अंगवळणी पडलं.

दाजींचं काम होडी चालवण्याचं. ऐकायला सोपं आहे. सकाळी मेहुण्याचे पाहुणे पाठीला हवेच्या टाक्या बांधून होडीच्या काठावर बसतात, मागच्या मागे पाण्यात कलंडतात आणि दिसेनासे होतात. खाली प्रवाळांच्या गर्दीत माशांमागे हिंडतात आणि हवा संपत आली की वर येतात. पण जिथे बुडी मारली तिथेच वर येतील असं नाही, प्रवाह नेईल तिकडे जातात. नांगर टाकून वाट पाहावी, तर तो खालचं प्रवाळ मोडतो, म्हणून नांगर टाकायचा नाही असा नियम. तेव्हा होडीवाल्याने इंजिन मंद ठेवून, बेताचं अंतर राखून, पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांच्या मागे मागे जायचं. जिथे बुडबुडे, तिथे माणूस.

बाकीचे होडीवाले एक डोळा पाण्यावर आणि एक मोबाइलवर ठेवून हे काम करत. दाजींचे दोन्ही डोळे पाण्यावर. जगात ज्याला काही किंमत नाही त्याला लोक बुडबुडा म्हणतात. दाजींना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या लेखी बुडबुडा म्हणजे खाली माणूस धडधाकट असल्याचा निरोप. आणि हे निरोप त्यांना वाचता येत. नवखा माणूस उकळत्या पातेल्यासारखा सतत खदखदतो. घाबरलेल्याचे बुडबुडे तुटक येतात. एखादा मासा पाहून कुणाला हसू फुटलं, तर मधेच एक मोठा भसका वर येतो आणि दाजी होडीत बसल्या बसल्या, काय पाहिलं हे ठाऊक नसतानाही, हसतात.

सगळ्यांत ओळखीचे बुडबुडे बायकोचे. ती मेहुण्याची थोरली बहीण, बेटावरची सगळ्यांत जुनी शिक्षिका. निम्म्या बेटाला तिनेच पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलंय. तिचा एक घट्ट झुबका वर येतो, मग लांबलचक शांतता, इतकी की नवखा होडीवाला देव आठवेल, आणि मग निवांत दुसरा झुबका. दाजी तिच्या वडिलांच्या होडीवर कामाला लागले तेव्हापासून हे झुबके पाहत आले होते. लग्नाआधी त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला होता की नाही याची शंका आहे. बुडबुडे मात्र पाठ होते. लग्न ठरलं तेव्हा मेहुणा म्हणाला होता, दाजींनी मुलगी वरूनच पसंत केली.

आणि खरोखरच सगळं वरूनच. जन्म होडीत गेला, पोहता उत्तम येई, पण दाजींनी पाण्यात डोकं म्हणून घातलं नाही. आंघोळीलासुद्धा तांब्याने पाणी घेत. याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काढत नसे. दाजींचे वडील शिंपल्यांसाठी बुडी मारत, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे टाकी नाही, नळी नाही, नुसत्या कोंडलेल्या श्वासावर. एका दुपारी ते गेले ते वर आले नाहीत. दाजी तेव्हा लहान होते, होडीत बसून वाट पाहत होते. कोंडलेल्या श्वासाचे बुडबुडे येत नाहीत. पाणी आरशासारखं सपाट होतं, आणि बराच वेळ तसंच राहिलं.

त्यामुळे बायको कितीही म्हणाली, "अहो, एकदा चष्मा लावून नुसतं बघा तरी," तरी दाजींचं उत्तर ठरलेलं: "तू बघतेस ना, मग झालं." रात्रीच्या जेवणाला ती खालचं सगळं सांगायची. कुठल्या कपारीत सापासारखी वाम राहते, जी आपल्या भावासारखीच तोंड उघडं टाकून बसते. कुठे पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्याचा आवाज कसा शेंगदाणे फोडल्यासारखा येतो. दाजी भात कालवत ऐकत. त्यांना न पाहिलेलं ते गाव गल्लीबोळांसकट तोंडपाठ होतं.

मग एका उन्हाळ्यात समुद्र तापला आणि थंड व्हायचं नावच घेईना. प्रवाळ आधी पांढरं पडलं, मग त्याच्यावर मळकट शेवाळ चढलं. त्या दिवसांत बायको वर आली की होडीत बसून चष्मा काढायला फार वेळ लावायची. आत ती रडलेली असायची. दाजी तिच्याकडे पाठ करून दोर गुंडाळत बसत. जेवताना खालच्या गोष्टी बंद झाल्या, नुसता ताटांचा आवाज येई.

पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुकानामागे सळया जोडून तिने लोखंडी चौकटी करून घेतल्या, त्या खाली नेऊन ठेवल्या, आणि जे थोडंफार प्रवाळ तगून राहिलं होतं त्याचे मोडके तुकडे त्यांना बांधायला सुरुवात केली. घरात त्याला नाव पडलं बाग. बागेचं कष्टाचं काम म्हणजे साफसफाई. सळयांवर शेवाळ धरतं, ते वरचेवर घासून काढलं नाही तर कोवळ्या तुकड्यांचा गळा घोटतं. घासायला सगळ्यांत चांगला टूथब्रश. घरातले सगळे जुने ब्रश समुद्राच्या तळाशी गेले. एकदा दाजींचा कोरा ब्रशही गेला, आणि दाजींनी दोन दिवस बोटाने दात घासून निषेध नोंदवला. त्याची कुणी दखल घेतली नाही.

पाण्याखाली एकट्याने जायचं नाही, कायम जोडीने, हा या धंद्यातला पहिला धडा. बायकोबरोबर बागेत उतरणारी तिची मैत्रीण नवऱ्याच्या बदलीमुळे बेट सोडून गेली आणि बाग ओस पडली. मेहुण्याने हात टेकले. पाहुण्यांना खाली न्यायलाच आपल्याला माणसं पुरत नाहीत, बागेसाठी कुठून आणू, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

तेव्हा चिंगी म्हणाली, मी येते.

चिंगी म्हणजे दाजींची एकुलती एक लेक. लहानपणी एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं, आता आईपेक्षा बोटभर उंच झाली तरी ते बदललं नाही. शाळेची शेवटची परीक्षा नुकतीच संपलेली. दाजींनी तिला पोहायला शिकवलं होतं, होडी हाकायला शिकवलं होतं, पण टाकी म्हटलं की विषय बदलायचा हा त्यांचा शिरस्ता. या वेळी विषय बदलता येईना. तेव्हा ते म्हणाले, नाही. चिंगीने विचारलं, आईला चालतं तर मला का नाही? दाजी म्हणाले, आईला थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

घरात अबोला शिरला. दाजींचा अबोला भांडणापेक्षा वाईट. ते चहाचा कप उचलून अंगणात जात आणि तिथे वाळत टाकलेल्या, पाणी गळणाऱ्या रबरी सुटांच्या रांगेत उभं राहून पीत. बायकोने एकदाच विषय काढला. म्हणाली, तुमचे वडील टाकीशिवाय गेले आणि एकटे गेले. हिच्याबरोबर मी असेन. दाजी म्हणाले, पाणी तेच आहे.

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांबरोबर उतरली होती तेव्हा येताना बागेतला एक तुकडा घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत बशीत ठेवला. तिने स्वतः बांधलेला, वर्षभर जपलेला. त्याच्यावर इतकं शेवाळ माजलं होतं की तार कुठली आणि प्रवाळ कुठलं ते कळत नव्हतं. दुपारपर्यंत त्याला वास सुटला. दाजी पाणी प्यायला आत गेले की तो दिसे. बायकोने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तेच दाजींना सोसेना. ही बाई कुणापुढे रडत नाही, आणि बाग बंद ठेवून आपण तिला रडायची जागासुद्धा ठेवली नाही, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी त्यांनी बशी उचलली, तुकडा धक्क्याच्या टोकावरून पाण्यात सोडला, आणि घरी येऊन चिंगीपुढे उभे राहिले.

"शीक," ते म्हणाले. "पण बागेत एकदा जाऊन बघायचं. आणि काही चुकलं, तर जो चुकेल तो घरी बसेल. मग पुन्हा हा विषय नाही."

"जो चुकेल तो?"

"जो चुकेल तो."

चिंगी उथळ खाडीत आईकडून शिकू लागली. दाजी कमरेइतक्या पाण्यात होडी धरून उभे राहत. चिंगीचे बुडबुडे त्यांना मोजता येत नसत; पोरगी हवा अशी उपसत होती की जणू उद्यापासून मिळणारच नाही. बायको म्हणायची, सगळे असंच करतात, तुमचे आवडते बुडबुडेही एके काळी असेच होते. मेहुण्याने भाची म्हणून जरा जास्तच कडक परीक्षा घेतली. चष्म्यात पाणी भरून काढायला लावलं, नळी तोंडातून काढून पुन्हा लावायला लावली. चिंगी पास झाली. मेहुण्याने दुकानात सगळ्यांना सांगितलं, दाजींना सोडून. दाजींना ते आधीच कळलं होतं, ते दुकानाच्या शेडमागेच उभे होते.

बागेत जायच्या दिवशी समुद्र निवळ होता. वाऱ्याने पाण्यावर बारीक चुण्या पडत होत्या, तेवढंच. मायलेकी काठावर शेजारी शेजारी बसल्या, एकमेकींचे पट्टे, नळ्या तपासल्या, चिंगीने हातातला ब्रश दाजींना दाखवला, तो त्यांचाच होता, आणि दोघी मागे कलंडल्या.

दाजी उभे राहिले. दोन ठिकाणी बुडबुडे आले. एक बायकोचा झुबका, निवांत. एक चिंगीची खदखद. दाजी पुटपुटत होते, ही आई, ही चिंगी, ही आई, ही चिंगी. हळूहळू खदखद कमी झाली. शांत होतेय पोरगी, दाजींना बरं वाटलं. त्यांनी बाटलीतून घोटभर पाणी प्यायलं, झाकण लावलं, आणि पुन्हा पाहिलं तर झुबका एकच येत होता.

एक झुबका. लांबलचक शांतता. पुन्हा एक झुबका, त्याच जागी. बायकोचाच, त्यात शंका नव्हती, त्या तालाला दाजी झोपेतही चुकले नसते. पण दुसरा कुठे? त्यांनी होडीभोवती सगळीकडे पाहिलं. टपावर चढून पाहिलं. चुण्या पडलेलं पाणी लांबपर्यंत रिकामं होतं. पुन्हा तो एकटा झुबका आला.

पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर आई इतक्या आरामात श्वास घेत राहिली असती का, हा साधा विचार कुठल्याही शहाण्या माणसाला सुचला असता. दाजी त्या घडीला शहाणे नव्हते. ते पुन्हा लहान होते, होडीत बसलेले होते, आणि पाणी सपाट होतं. त्यांनी इंजिन बंद केलं, पेटीतला पहिला हाताला लागलेला चष्मा डोळ्यांवर ओढला आणि अंगातल्या सदऱ्यासकट उडी मारली. ज्या माणसाने आयुष्यात होडी एक क्षण वाऱ्यावर सोडली नव्हती, त्याने ती सोडली.

झुबक्याकडे चार हात मारून त्यांनी श्वास घेतला आणि डोकं पाण्यात घातलं.

आधी काही समजलंच नाही, इतका उजेड होता. आपण खाली अंधार असेल असं धरून चाललो होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. खाली रंग होते, मेलेल्या प्रवाळाची करडी पठारं होती, आणि त्यांच्या मधोमध चौकटी उभ्या होत्या. आणि एका चौकटीवर दोघी ओणवल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. चिंगी तुकडा धरत होती, आई तार पिळत होती. आईने श्वास सोडला तेव्हा लेकीनेही सोडला. दोघींचे बुडबुडे डोक्यांच्या वर एकत्र होऊन एकच झुबका वर निघाला. मग दोघींनी तेवढंच थांबून एकदमच श्वास घेतला. चिंगी घाईत हवा उपसत नव्हती. ती तिच्या आईसारखी श्वास घेत होती, इतकी हुबेहूब, की वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला फरक कळला नाही. झुबका नेहमीपेक्षा जाड होता, हे त्यांना आता आठवलं.

दाजी रडले. चष्म्यात रडण्याची सोय नसते. चष्मा धुकटला, त्यांनी तोंड उघडलं, खारं पाणी घशात गेलं, वर येऊन खोकले, आणि लगेच पुन्हा डोकं आत घातलं. या वेळी बाग पाहिली. दोघींनी नुकत्याच घासून काढलेल्या तुकड्यांच्या टोकांना नखाएवढे फिके जांभळे कोंब फुटले होते. सळयांमधून बारीक निळे मासे ये-जा करत होते, जणू तिथे कायमचं घर असल्यासारखे. सगळं जिवंत नव्हतं. पण जे होतं ते वाढत होतं.

तेवढ्यात बायकोने वर पाहिलं. सदरा फुगलेला, हातपाय पसरलेला, नको तेवढा मोठा चष्मा लावलेला आपला नवरा तिला दिसला. ती इतका वेळ बघत राहिली की तिचा तालसुद्धा चुकला. मग तिने चिंगीच्या खांद्यावर थोपटून वर बोट दाखवलं.

त्या लगेच वर येऊ शकत नव्हत्या. वर येताना थोड्या खोलीवर काही वेळ थांबायचं असतं, अंगाला सवय व्हावी म्हणून, आणि तो नियम बायकोने नवऱ्यासाठीही मोडला नाही. दोघी त्यांच्या खाली, हाताला लागतील न लागतील एवढ्या अंतरावर तरंगत थांबल्या आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चिंगीला हसू आवरेना. तिचा मोठा भसका सुटला, आणि आयुष्यभर ज्या बुडबुड्यांवर दाजींनी डोळे लावले होते ते पहिल्यांदाच त्यांच्या गालाला, हनुवटीला, मिटलेल्या ओठांना लागून वर गेले. गुदगुल्या झाल्या. त्यात बायकोचेही होते.

मग तिघांची डोकी पाण्याबाहेर आली. बायकोने तोंडातली नळी काढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि विचारलं, "अहो, होडी कुठंय?"

होडी बरीच लांब गेली होती, आणि एकटीच मजेत चालली होती.

दाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. बायकोने स्वतःच्या आणि चिंगीच्या जाकिटात हवा भरली, दाजींचे दोन्ही हात दोघींच्या खांद्यांवर घेतले, आणि ती तिघं तशी पाण्यावर तरंगत बसली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मेहुणा दुपारच्या पाहुण्यांना घेऊन त्याच बाजूला येणार होता, आणि रिकामी होडी पाहिल्याशिवाय राहणार नव्हता. पुढची कितीतरी वर्षं त्याला हा विषय पुरणार होता, हेही उघड होतं.

"बाबा," थोड्या वेळाने चिंगी म्हणाली. "जो चुकेल तो काय करेल?"

दाजींनी बायकोकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"घरी बसेल," ते म्हणाले.

"मग होडी कोण चालवणार?" बायको म्हणाली. "घरी बसवायची शिक्षा आपल्याला परवडायची नाही. दुसरी काहीतरी बघू."

कपाळावर सरकवलेला चष्मा दाजींनी पुन्हा डोळ्यांवर घेतला, तो गळतोय का ते बोटाने चाचपलं, आणि बायकोला म्हणाले, "मागचा पट्टा जरा घट्ट कर. अजून एकदा बघू दे."

हे वाक्य ऐकायला ती किती वर्षं थांबली होती ते तिचं तिलाच माहीत. तिने पट्टा ओढला. बोट घालून तो नीट बसला का ते पाहिलं. दाजींनी डोकं पाण्यात घातलं आणि लांबून मेहुण्याच्या हाका आणि हसणं ऐकू येऊ लागलं तरी ते बाहेर काढलं नाही.

आता मायलेकी नेमाने बागेत उतरतात. दाजी होडीवर असतात आणि होडी सोडत नाहीत. त्यांची शिक्षा सुटीच्या दिवशी असते, बायकोच्या हाताखाली, उथळ खाडीत. ते हवा अशी उपसतात की चिंगी हसून हसून बेजार होते. बागेत त्या दोघींचे झुबके आता वेगळे ओळखू येत नाहीत. एक जाड झुबका, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा एक. फक्त अधूनमधून, काम चालू असताना, चिंगी मुद्दाम ताल मोडते आणि दोन छोटे श्वास लागोपाठ सोडते. तिला कुणी सांगितलेलं नाही. पाण्यावर दोन छोटे झुबके येतात, एकामागोमाग एक, आणि होडीत उभे असलेले दाजी हात वर करून म्हणतात, "हो गं, दिसलीस."